गुलामीत जन्मलेली अमांडा स्मिथ, १८७९ सालच्या मुंबईत

कुलाबावाली

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जी निरपेक्ष धडपड केली तिचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. हे इथल्या बहुतेकांना माहीत असणार. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७९ च्या अखेरीस, त्याच गुलामीत जन्मलेली एक बाई मुंबई बंदरात उतरली. तिची आठवण मात्र आपल्याकडे कुणी काढत नाही, म्हणून हा धागा.

तिचं नाव अमांडा बेरी स्मिथ. पाळकपदाची दीक्षा तिला कुठल्याही ख्रिस्ती मंडळीने (म्हणजे चर्चने) दिली नव्हती. पगार नव्हता, पाठीशी मिशनरी सोसायटी नव्हती. शाळा म्हणाल तर आयुष्यात सगळी मिळून जेमतेम तीन महिने. तरीही इंग्लंड, स्कॉटलंड, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि पश्चिम आफ्रिका एवढ्या ठिकाणी ती उपदेश करत फिरली आणि लोकांनी तिला ऐकलं.

जन्म २३ जानेवारी १८३७, मेरीलँड राज्यातलं लाँग ग्रीन. वडील सॅम्युएल बेरी एका मालकाचे, आई मरियम दुसऱ्याच मालकांची. मुलं आईच्या मालक घराण्याची, कारण कायदाच तसा होता. सॅम्युएल बेरी कष्टाळू होते आणि मालकीणबाईंचा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणून मालकाचं काम आटोपल्यावर उरलेला वेळ स्वतःसाठी वापरायची त्यांना परवानगी मिळाली. ते झाडू बांधत, मक्याच्या सालींच्या चटया विणत आणि बाल्टिमोरच्या बाजारात नेऊन विकत. सुगीच्या दिवसांत दिवसभराची मालकाची कापणी झाली की तीन-चार मैल चालत दुसऱ्याच्या शेतावर जात, रात्री एक-दोनपर्यंत तिथे राबत, परत येऊन जरा अंग टाकत आणि पहाटे चारला पुन्हा मालकाच्या कामावर हजर. अशी पै पै जोडून त्यांनी आधी स्वतःला विकत घेतलं.

मग बायकोमुलांची पाळी आली, आणि ती माणसं विकायला घराणं राजी होईना. इथे एक गोष्ट घडली. त्या घरची तरुण मुलगी, मिस सेली, मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या शिबिरसभेत, म्हणजे उघड्यावर तंबू ठोकून भरणाऱ्या प्रार्थनासभेत, जाऊन आली आणि तिचं मन पालटलं. पुढे तिला विषमज्वर झाला. मरणाच्या दारात असताना तिने आईला आणि आजीला जवळ बोलावून एकच मागणं मागितलं : सॅमला मरियम आणि मुलं विकत घेऊ द्या. तसं वचन घेऊनच ती गेली. अमांडाने हा प्रसंग आत्मचरित्रात सविस्तर सांगितला आहे. तिच्या मते सेलीचं मन पालटलं ते तिच्या आजीच्या आणि आईच्या प्रार्थनांमुळे. स्वयंपाकघरातल्या दोन गुलाम बायका मालकाच्या मुलीसाठी देवाला आळवत होत्या. मला हे पान फार मोलाचं वाटतं, कारण पुढे अमांडा जे काही झाली त्याचं मूळ तिथे आहे. देव गोऱ्यांच्या मार्फत आपल्याकडे येतो असं तिने कधीच मानलं नाही. तो तिच्या घरात आधीपासून होता.

कुटुंब पेनसिल्व्हेनियात यॉर्क काउंटीत राहायला गेलं. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना त्यांच्या घरी आसरा मिळे. तेरा भावंडांत अमांडा मुलींमध्ये थोरली. वडील वर्तमानपत्र आणत, त्यातली मोठी अक्षरं ही कापून काढी, खिडकीत ओळीने मांडी आणि आई त्यांचे शब्द जुळवून देई. वाचायला शिकली ती अशी. नंतर पाच मैल चालत शाळेत जायची तर गोऱ्या मुलांचे धडे संपल्यावर वेळ उरला तरच मास्तर हिच्याकडे वळत. दोन आठवड्यांत तिने ती शाळा सोडली.

सतराव्या वर्षी लग्न. नवरा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात गेला तो परतला नाही. दुसरा नवरा जेम्स स्मिथ आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीत उपदेशक. तो संसारही सुखाचा झाला नाही आणि १८६९ मध्ये तोही गेला. पाच मुलांपैकी एकटी मेझी जगली. न्यूयॉर्कमध्ये अमांडा लोकांचे कपडे धुवायची, इस्त्री करायची, घरं पुसायची. धुण्याच्या टबापाशी उभं राहून तासन्‌तास प्रार्थना करायची तिला सवय लागली.

१८६८ च्या सप्टेंबरात एका रविवारी ती ग्रीन स्ट्रीटवरच्या गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये गेली. जॉन इन्स्किप हे त्या काळचे नावाजलेले उपदेशक त्या दिवशी बोलणार होते. पवित्रीकरणाचा, म्हणजे देवाने मन पापापासून पूर्ण शुद्ध केल्याचा, जो अनुभव ती कैक वर्षं मागत होती तो तिला तिथे आला. मोठ्याने ओरडून देवाचा गौरव करावा असं वाटत होतं, पण भोवती सगळे गोरे. ती लिहिते की गोऱ्यांचं भय मला नेहमीच वाटे. ते मारतील वगैरे असं ते भय नव्हतं. ते गोरे आहेत आणि तिथे आहेत, मी काळी आहे आणि इथे आहे, एवढंच. त्या सकाळी तिला बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या गलतीकरांच्या पत्रातलं वचन आठवलं, "यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही", आणि ज्यांची आजवर भीती वाटली ते लोक एकाएकी अगदी लहान दिसू लागले.

ज्या बाईला तिच्या जन्माच्या वेळी किंमत लावता येत होती तिने हे लिहिलं आहे.

यानंतर ती साक्ष द्यायला, गायला आणि उपदेश करायला बाहेर पडली. आवाज खडा आणि गोड. शिबिरसभांत हजारोंच्या समुदायापुढे उभी राहायची. अंगावर क्वेकर या साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या बायकांसारखा साधा पोशाख, डोक्याला तशीच साधी टोपी, हातात एक कापडी पिशवी.

१८७२ मध्ये नॅशव्हिलला तिच्या आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीची सर्वसाधारण परिषद भरली. ही आली म्हटल्यावर पाळक मंडळींत कुजबुज सुरू झाली की ही बाई स्त्रियांना दीक्षा द्या म्हणून भांडायला आली आहे. नटूनथटून आलेल्या पाळकपत्नींनी तिच्या साध्या कपड्यांकडे पाहून तोंड फिरवलं. हे सगळे तिचे आपले, काळे लोक, हे लक्षात घ्या. मग एके दिवशी प्रतिनिधी काळ्या विद्यार्थ्यांचं फिस्क विद्यापीठ पाहायला गेले. तिथल्या ज्युबिली गायकांच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गायनपथकाच्या, प्रमुखांनी गर्दीत तिला ओळखलं, मंचावर बोलावलं आणि गायला सांगितलं. त्यानंतर परिषदेतल्या लोकांची वागणूक बदलली. दीक्षेबद्दल तिने पुढे लिहिलं की तो विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता, माझी दीक्षा मला "तुम्ही मला निवडले असे नाही, तर मी तुम्हांला निवडले व नेमले आहे" असं म्हणणाऱ्याने आधीच दिली आहे.

मुंबईचा भाग लिहायला घेतला की हे लांबत जाईल. कुणाला रस असेल तर प्रतिसादांत लिहिते.

वाचनवेडा

रस आहे! वाचनखूण साठवली. 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेला जोडून हे पहिल्यांदाच वाचलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. तिची मंडळी म्हणजे फक्त काळ्यांचं चर्च होतं का? मग ती गोऱ्यांच्या चर्चमध्ये कशी जात होती?

कुलाबावाली

होय. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन नावाच्या माजी गुलामाने १८१६ मध्ये स्वतंत्र मंडळी उभारली, कारण गोऱ्या मेथॉडिस्टांच्या चर्चमध्ये काळ्यांना प्रार्थनेलाही बरोबरीने बसू देत नव्हते. आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल ती हीच. अमांडा शेवटपर्यंत तिची सभासद राहिली. पण शिबिरसभा आणि पवित्रीकरणाच्या प्रार्थनासभा बहुतेक गोऱ्यांच्या असत आणि तिथे तिला बोलावणी येत. दोन्हीकडून तिच्यावर टीका झाली. गोऱ्यांना ती काळी म्हणून खटके, तर तिच्या लोकांना वाटे ही गोऱ्यांच्या मागे लागली आहे.

पाटीवरचा खडू

छान लिहिताय ताई. दळताना, शेणी वेचताना विठ्ठलाला हाक मारणारी नामयाची दासी जनी आठवली. धुण्याच्या टबापाशी प्रार्थना करणारी बाई आमच्या आजीला लगेच समजली असती. कष्टकरी बायकांना देवासाठी वेगळा वेळ काढायला कधी मिळाला?

जुनं दप्तर

लेख चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. मिशनरी मिशनरीच असतो. गोरा असो वा काळा, तो इथे येतो तेव्हा इथला धर्म अंधार आणि आपला धर्म उजेड, हेच गृहीत धरून येतो. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांच्या सोयींवर फिरलेल्या बाईची तुलना थेट जोतीरावांच्या कामाशी करणं मला पटत नाही. तिने इथल्या जातींविषयी काय लिहिलं? ते सांगा.

कुलाबावाली

जुनं दप्तर, तुमचा मुद्दा रास्त आहे. त्याचं उत्तर मुंबईच्या भागात येतंच, म्हणून आता तोच लिहिते.

१८७८ मध्ये ती इंग्लंडला गेली ती विश्रांतीसाठी. एका मैत्रिणीने प्रवासखर्च देऊ केला होता आणि बेत तीन महिन्यांचा होता. बोटीवर रविवारी उपासना चालवायला कुणी पाळक नव्हता, तेव्हा हिलाच विचारलं गेलं. पहिल्या वर्गातले गोरे उतारू आणि उपासना चालवणारी एक काळी धोबीण! उतरेपर्यंत तिला निमंत्रणं सुरू झाली होती. तीन महिन्यांचा प्रवास बारा वर्षांचा झाला.

हिंदुस्थानात ती आली ती मिस ड्रेक या अमेरिकन मिशनरी बाईंच्या सोबतीने. युरोपातून इटली, तिथून इजिप्त आणि मग मुंबई. मुंबईत त्या वेळी मेथॉडिस्टांची मंडळी नवीच होती. विल्यम टेलर नावाच्या फिरत्या उपदेशकाने १८७१-७२ च्या सुमारास इथे संजीवन सभा (लोकांची श्रद्धा नव्याने जागवण्याच्या सभा) घेऊन ती उभी केली होती. तिचा आधारस्तंभ म्हणजे जॉर्ज बोवेन. हा माणूस १८४८ पासून मुंबईत होता, आल्यावर लवकरच त्याने मिशनचा पगार नाकारला, बाजारवस्तीत एका साध्या खोलीत राहिला आणि 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवत राहिला. १८८८ मध्ये इथेच वारला. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. पगाराशिवाय देवावर भरवसा टाकून काम करणारी माणसं ज्या मंडळीत आधीपासून होती, त्या मंडळीत अमांडा येऊन पोचली. तिला तिथे परकं वाटलं नसणार.

आता खरी गोष्ट. तिचे श्रोते कोण होते? मुख्यतः इंग्रजी समजणारे : युरोपियन, अँग्लो-इंडियन, रेल्वेत आणि कचेऱ्यांत काम करणारे ख्रिस्ती लोक, इंग्रजी शिकलेले थोडे हिंदू आणि पारशी. मराठी तिला येत नव्हतं. देशी लोकांशी बोलायचं तर दुभाषा लागे. त्यामुळे इथल्या जातिव्यवस्थेच्या आत शिरून पाहायची संधी तिला मिळालीच नाही. तिने लिहिलंय ते प्रवाशाच्या नजरेने : घारापुरी, पारशांचा टॉवर ऑफ सायलेन्स, बायकांची अवस्था, देवळं. मूर्तिपूजेबद्दल ती तिच्या काळच्या कुठल्याही मिशनऱ्यासारखंच लिहिते आणि आज वाचताना ते टोचतं. जोतीरावांनी जे केलं ते तिने इथे केलं नाही, आणि तसं मी म्हटलेलंही नाही.

पण एक गोष्ट तिने केली, आणि केवळ इथे उभी राहून केली. १८७९ च्या मुंबईत आणि कलकत्त्यात गोरा साहेब सभा घेई आणि काळी माणसं खाली बसून ऐकत. इथे एक काळी बाई, गुलामाची मुलगी, व्यासपीठावर होती आणि गोरे खाली बसून तिचं ऐकत होते, तिच्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना करत होते. असं दृश्य त्या शहरांनी आधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

कलकत्त्याचे जेम्स थोबर्न, जे पुढे बिशप झाले, त्यांनी तिच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली आहे. १८७६ मध्ये सिनसिनाटीजवळच्या एका शिबिरसभेत त्यांनी तिला प्रथम पाहिलं होतं. ते लिहितात की सतरा वर्षांच्या कलकत्त्याच्या वास्तव्यात अनेक नामांकित पाहुणे आले, पण अमांडा स्मिथइतका मोठा जमाव खेचून धरून ठेवणारं मी कुणी पाहिलं नाही. पुढे आणखी एक कबुली देतात : उपदेशक म्हणून खरोखर उपयोगी पडेल असं जेवढं मी हिच्याकडून शिकलो तेवढं दुसऱ्या कुणाही एका व्यक्तीकडून शिकलो नाही. थोबर्न शिकलेला माणूस, कलकत्त्यातल्या मोठ्या चर्चचा पाळक. ती तीन महिने शाळेत गेलेली.

याच प्रस्तावनेत कलकत्त्याच्या एका चौकातल्या उघड्यावरच्या सभेचं वर्णन आहे. आसपास बदनाम वस्ती, दंगा करणारे लोक सभा मोडायला आलेले, आवाज ऐकू येईना. अमांडा काही बोलली नाही. जागच्या जागी गुडघे टेकून तिने प्रार्थना सुरू केली आणि गलका ओसरला. थोबर्नना तो प्रसंग अखेरपर्यंत विसरता आला नाही.

नैनीताल, बंगळूर, कोलार, रंगून असा तिचा फेरा झाला. कोलारला एक अनाथाश्रम तिने पाहिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि म्हैसूरचं काय केलं होतं हे इथे सांगायला नको, गावंच्या गावं ओस पडली होती आणि अनाथ पोरांनी असे आश्रम भरले होते. ते तिच्या मनात राहिलं असावं असा माझा कयास आहे, कारण आयुष्याच्या अखेरीस तिने काय काढलं? अनाथाश्रमच. त्याबद्दल नंतर लिहीन.

जुनं दप्तर

ठीक. गोरे खाली बसलेले आणि ती वर, हा मुद्दा मान्य. मूर्तिपूजेबद्दलचा भागही तुम्ही झाकला नाहीत हे आवडलं.

रानजाई

मी मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्या मंडळीत बायका संडेस्कूल घेतात, गायनमंडळ चालवतात, आजाऱ्यांकडे जातात, महिला संघाची वर्गणी गोळा करतात. व्यासपीठावर मात्र कुणी बाई उभी राहिली की अजूनही दोन काका उठून बाहेर जातात. कारण विचारलं तर पौलाचं एक वाक्य सांगतात, बायकांनी मंडळीत गप्प राहावं. अमांडाने त्याच पौलाचं दुसरं वाक्य धरलं हे वाचून मला फार बरं वाटलं. दोन्ही वाक्यं एकाच बायबलात आहेत, आणि कुणी कुठलं धरलं यावरून माणूस कळतो.

तिला कुणी असं तोंडावर अडवलं नाही का?

कुलाबावाली

अडवलं ना. प्लिमथ ब्रदरन पंथाच्या लोकांचा बाईने उपदेश करण्याला कडाडून विरोध असे. त्यांनी तिच्याशी वाद घातले, वचनं काढून दाखवली. तिने वादात पडायचं टाळलं. सभा जाहीर झालेली असे, ती जाई आणि बोले. रानजाई, तुमचे काका बाहेर गेले तरी उपासना थांबत नाही ना? तिचंही तसंच चाले.

चष्मेबद्दूर

दीक्षेच्या प्रश्नावर थोडी भर घालतो, कारण हा इतिहास मोठा आहे आणि सरळ रेषेत जात नाही.

अमांडाच्या आधीची बाई म्हणजे जरीना ली. तिने रिचर्ड ॲलनकडे उपदेशाची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं. १८१९ मध्ये एक उपदेशक बोलता बोलता अडखळला आणि ही जागेवरून उठून त्याच वचनावर बोलू लागली. ॲलन तिथेच होते. त्यांनी सगळ्यांदेखत परवानगी दिली. दीक्षा नाही, नुसती परवानगी. १८८४ मध्ये मंडळीने स्त्रियांना उपदेशाचा परवाना द्यायचं ठरवलं. १८८५ मध्ये बिशप हेन्री टर्नर यांनी सारा ह्यूज हिला डीकन म्हणून, म्हणजे पूर्ण पाळकपदाच्या खालच्या पायरीची, दीक्षा दिली. दोनच वर्षांत ती रद्द झाली! आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल झायन या काळ्यांच्याच दुसऱ्या मंडळीने मात्र १८९८ मध्ये मेरी स्मॉल हिला एल्डर केलं, म्हणजे पूर्ण पाळकपद. आणि अमांडाच्या स्वतःच्या मंडळीत पहिली स्त्री बिशप झाली ती २००० साली, वॅश्टी मॅकेंझी.

म्हणजे १८७२ च्या नॅशव्हिलमध्ये जी कुजबुज झाली ती मिटायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. मला वाटतं अमांडाने दीक्षा मागितली नाही यात तिचा धोरणीपणाही असावा. मागितली असती तर नकार मिळाला असता, आणि नकार मिळालेल्या बाईला पुढे सगळीकडे तो नकार आडवा आला असता.

कुलाबावाली

चष्मेबद्दूर, माहितीबद्दल आभार. धोरणाबद्दल माझं मत वेगळं आहे. तिच्या लिखाणात हिशेबीपणा कुठे जाणवत नाही. प्रत्येक पावलाला ती देवाला विचारते, उत्तर मिळालं असं वाटेपर्यंत थांबते आणि मग कुणी काही म्हटलं तरी हलत नाही. मंडळीने दीक्षा दिली असती तर मंडळीचं ऐकावंही लागलं असतं, हे मात्र खरं.

वाचनवेडा

जोतीराव आणि ती यांची भेट झाली असेल का? ते पुण्यात, ती मुंबईत.

कुलाबावाली

तशी भेट मी जुळवणार नाही. ती इंग्रजी मंडळीच्या वर्तुळात फिरली. जोतीराव तेव्हा सत्यशोधक समाजाच्या कामात गुंतलेले. दोघांच्या वाटा जवळून गेल्या एवढंच.

पण उलट दिशेची एक भेट खरी झाली आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि तिथे त्या हॅरिएट टबमनला भेटल्या. हॅरिएट म्हणजे मेरीलँडमधून पळालेली आणि मग पुन्हा पुन्हा परत जाऊन लोकांना सोडवून आणणारी ती बाई. अमांडाही मेरीलँडचीच. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, त्याआधी या बाईला त्या भेटून आल्या होत्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिकागोकर

ताई, अनाथाश्रमाचं लिहा ना. तो जिथे होता ते हार्वी गाव आमच्यापासून फार लांब नाही.

कुलाबावाली

लिहिते. मध्ये लायबेरिया आहे, ते सोडता येणार नाही.

१८८२ च्या जानेवारीत ती पश्चिम आफ्रिकेत लायबेरियाला गेली आणि आठ वर्षं राहिली. अमेरिकेतून परत पाठवलेल्या मुक्त काळ्यांनी वसवलेला हा देश. तिला वारंवार हिवतापाने गाठलं, कित्येकदा ती वाचेल असं वाटत नव्हतं. दारूबंदीच्या मंडळ्या काढल्या, मुलांसाठी प्रार्थनासभा घेतल्या. १८८५ पासून विल्यम टेलर तिथे बिशप म्हणून आले. मुंबईची मंडळी उभी करणारे तेच टेलर! त्यांच्याबरोबर तिने काम केलं. बॉब आणि फ्रान्सिस ही दोन देशी मुलं तिने सांभाळली.

लायबेरियावर तिने लिहिलेलं मला हिंदुस्थानच्या भागापेक्षा जास्त धारदार वाटतं, कारण इथे ती पाहुणी नव्हती. तिथे जाऊन वसलेले अमेरिकन काळे लोक मूळच्या आफ्रिकी लोकांना कमी लेखत, हे तिला दिसलं. मुलांच्या शिक्षणाकडे थोडं तरी लक्ष आहे आणि मुलींकडे नाही, ओझी मात्र बायकांच्या डोक्यावर, हेही तिने लिहिलं. 'चला आफ्रिकेला' म्हणून अमेरिकेतल्या गरिबांना बोटीत भरून पाठवणाऱ्यांवर ती चिडली होती. कफल्लक माणूस तिथे तापाने आणि उपासमारीने मरतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या लोकांत हे मत त्या वेळी सगळ्यांना रुचणारं नव्हतं.

१८९० मध्ये अमेरिकेत परत. १८९३ मध्ये आत्मचरित्र शिकागोहून निघालं. पुस्तकाच्या विक्रीतून, सभांमधून आणि मिळेल त्या देणगीतून पैसे साठवून तिने शिकागोच्या दक्षिणेला हार्वी गावात २८ जून १८९९ रोजी काळ्या अनाथ मुलांसाठी आश्रम उघडला. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. इलिनॉयमधल्या बहुतेक अनाथाश्रमांत काळ्या मुलांना घेतच नसत. 'हेल्पर' नावाचं छोटं पत्र काढून ती मदत मागे. पैसा कायम अपुरा. सरकारी तपासनिसांनी आश्रमाच्या व्यवस्थेवर ठपके ठेवले, आणि ते बिनबुडाचे होते असं मला म्हणवत नाही. मुलं जास्त, माणसं थोडी, इमारत जुनी. १९१२ मध्ये तब्येत खचल्यावर ती फ्लोरिडात सेब्रिंगला राहायला गेली. गाव वसवणाऱ्या गृहस्थांनी तिला तिथे घर दिलं होतं. १९१५ मध्ये ती वारली. तीन वर्षांनी आश्रमाला आग लागली, त्यात दोन मुली दगावल्या आणि आश्रम बंद पडला.

शिकागोकर

आगीचं वाचून वाईट वाटलं. आश्रम गेला तरी त्यातून बाहेर पडलेली मुलं होतीच ना. तिचं दफन इकडेच, होमवुडला आहे. कधी गेलो तर फोटो टाकतो.

रानजाई

ताई, ग्रीन स्ट्रीटचा तो उतारा मी आमच्या महिला संघाच्या सभेत वाचून दाखवणार आहे. तुमची परवानगी धरून चालते.

कुलाबावाली

रानजाई, जरूर वाचा. अमांडाचंच म्हणणं आहे, परवानगी माझी कशाला?

शिकागोकर, फोटोची वाट पाहते.

सगळ्यांना एक विनंती. बोवेन साहेबांच्या 'बॉम्बे गार्डियन'चे १८७९ ते १८८१ चे अंक कुणाच्या ओळखीच्या ग्रंथालयात, चर्चच्या कपाटात किंवा जुन्या घरात असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. मुंबईतल्या तिच्या सभा कुठे झाल्या, कोण आलं होतं, दुभाषा कोण होता, हे त्यात मिळण्याचा संभव आहे. तिच्या आत्मचरित्रातलं मुंबईचं प्रकरण मी मराठीत करायला घेतलं आहे. ते झालं की वेगळा धागा काढते.

जुनं दप्तर

ताई, पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात मिशनरी नियतकालिकांचे बांधीव गठ्ठे मी पाहिले आहेत. 'गार्डियन' आहे का ते या शनिवारी जाऊन बघतो आणि कळवतो.